दादांचा आवाज अन् खोटा नकाशा

माझं काम नेमकं काय, हे आमच्या गावात, मंठ्यात, कुणाला धड कळलं नाही, अन् मीही समजावून सांगायचं कधीच सोडून दिलं. ‘कम्प्युटरमध्ये आहे’ म्हणलं की समोरचा माणूस लगेच खिशातून मोबाईल काढतो. “बरं झालं भेटला राव, हे जरा हँग होऊन राह्यलं, बघ बरं.” मी बघतो. बंद करून पुन्हा चालू करतो अन् हातात देतो. तो खूश, मी सुटलो.

एकट्या दादांना कळलं होतं. दादा म्हणजे माझे वडील. मंठ्याच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, एका शेठच्या अडत दुकानावर ते हर्राशी बोलायचे. धान्याच्या ढिगापुढं उभं राहायचं, लिलाव पुकारायचा अन् खरेदीदारांना चढवत न्यायचं, हे त्यांचं काम. “बोला शेठ बोला, माल बघून बोला!” असं ते सुरू झाले की फाटकाबाहेर चहा पिणाऱ्यालाही सोयाबीन कुठवर चढलं ते कळायचं. घरातही तोच आवाज. माय म्हणायची, “मी काय बहिरी हाय का? हळू बोला की जरा.” दादा तेवढ्याच जोरानं म्हणायचे, “हळूच बोलून राह्यलो!”

अन् थोडक्यात बोलणं त्यांना जमायचंच नाही. भाजी आणायला गेले तरी परत आल्यावर त्याची गोष्ट व्हायची. कोण भेटलं, त्याचा बाप कसा होता, त्या बापानं एकदा काय केल्तं, हे सगळं सांगून झाल्यावर कळायचं की मेथी मिळाली नाही. माय तोवर डाळ टाकून मोकळी झालेली असायची.

एका दिवाळीला मी पुण्याहून आल्तो. अंगणात बसलेलो असताना दादांनी विचारलं, “तुझं काम काय हाय रे, खरं खरं सांग. मोबाईलवाल्यांना सांगतो तसं नको.”

मी म्हणालो, “दादा, मशीन चालू केलं की आधी एक जण उठतो, त्याला फर्मवेअर म्हणायचं. तो कारखान्यातूनच मशीनच्या पोटात बसून येतो. तो मंग दुसऱ्याला उठवतो, तो कर्नेल. पुढचा सगळा कारभार कर्नेलनं बघायचा. पण उठल्या उठल्या त्याला काहीच ठाऊक नसतं. मेमरी किती, कुठून कुठवर हाय, कोणता तुकडा मोकळा, कोणता दुसऱ्या कुणाच्या ताब्यात. म्हणून तो फर्मवेअरला इचारतो. फर्मवेअर त्याला नकाशा देतो. इथून इथवर मोकळं, खुशाल वापर. इथून इथवर राखीव, हात लावायचा न्हाई. कामून राखीव, ते इचारायचं न्हाई. मी या कर्नेलचंच काम करतो.”

दादा म्हणाले, “म्हणजे परगावचा गाडीवाला सकाळी मोंढ्यात आला अन् वॉचमनला इचारलं, माल कोणत्या ओट्यावर टाकू?”

“बराबर.”

“अन् वॉचमननं चुकीचा ओटा दाखवला तं?”

“तं चुकीच्या ओट्यावर माल पडतो. मंग ज्याचा ओटा तो येऊन त्याच्यावर आपला माल ओततो. दोघांचाबी सत्यानाश.”

“मंग हा तुझा कर्नेल सोता हात घालून का बघत न्हाई?”

हा प्रश्न मला नोकरीच्या मुलाखतीतही कुणी विचारला नव्हता. मी सांगितलं की चाचपून बघणं धोक्याचं असतं. दुसऱ्याच्या ताब्यातल्या जागेत नुसता हात घातला तरी तिथं चाललेलं काही मोडू शकतं. म्हणून तो चाचपत नाही. सुरुवातीला एकदाच विचारतो, सांगितलं त्यावर विश्वास ठेवतो अन् मशीन बंद होईपर्यंत पुन्हा विचारत नाही.

दादा खदाखदा हसले. “लई भोळा हाय रे तुझा कर्नेल. वरचा माल बघून पोतं घेतो!” दादांनी जन्मभर वरचा माल बघून भाव पुकारला नव्हता. पोत्यात कोपरापर्यंत हात घालायचे, तळाचे दाणे वर काढायचे, तळहातावर पसरून फुंकर मारायचे, एखादा दाताखाली धरायचे, अन् मगच तोंड उघडायचे. माणूस कितीही ओळखीचा असला तरी हे चुकायचं नाही.

हे बोलणं झालं तेव्हा दादा धडधाकट होते. पुढं सगळं फार जल्दी झालं.

जीभ पहिल्यांदा अडखळली ती मोंढ्यातच. आकडे बोबडे यायला लागले. लोक एकमेकांकडं बघून हसायला लागले, म्हणे हर्राशीवाले सकाळीच घेऊन आले वाटतं. ज्या माणसानं जन्मात थेंबाला हात लावला नाही त्याच्याबद्दल! अजून आठवलं की माझं डोकं फिरतं. मग हातातून पेला सुटायला लागला. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या अन् मला बाहेर बोलावून सांगितलं की अंग हलवणाऱ्या शिरा वाळत जाण्याचा हा आजार आहे, आधी जीभ जाईल, मग हातपाय, शेवटी श्वास, अन् औषध नाही. डोकं मात्र शेवटपर्यंत साफ राहील, असंही ते म्हणाले. दिलासा द्यावा तसं म्हणाले. मला वाटलं, याच्याइतकी वाईट गोष्ट कुणी कुणाला सांगू नये.

मी कंपनीला सांगितलं की घरून काम करीन, अन् मंठ्याला येऊन राहिलो. बायको-पोरं शाळेमुळं पुण्याला थांबली. दादांचा आवाज अजून बऱ्यापैकी होता. वेळेवर पुरेसा आवाज भरून ठेवला तर पुढं मशीन त्याच आवाजात कोणतंही वाक्य बोलू शकतं, हे मला माहीत होतं. मागच्या खोलीत भिंतींना गोधड्या टांगल्या, माईक लावला अन् दादांना वाचायला बसवलं. पडद्यावर साधी साधी वाक्यं यायची. ‘आज हवा चांगली आहे.’ दादा वाचायचे, “आज हवा चांगली आहे, पण काल मोंढ्यात काय धूळ होती बापरे, त्या परतूरवाल्याचे तं डोळेच...”

“दादा, लिहिलंय तेवढंच वाचा.”

“तेवढंच काय वाचायचं? तेवढ्यात काय हाय?”

मी चिडायचो, ते चिडायचे, माय चहा घेऊन यायची अन् दोघांनाही बोलायची. जीभ जड व्हायच्या आत जेवढं भरता आलं तेवढं भरलं. शेवटी त्यांनी माईकसमोर एक अख्खी हर्राशी पुकारली, ढीग नाही, खरेदीदार नाही, गोधड्यांना उद्देशून. त्यानंतर थोड्याच दिवसांत आवाज गेला. घरात इतकी शांतता झाली की भिंतीवरचं घड्याळ वाजतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

मग मी मशीन आणलं. ना नाव ना गाव अशी एक छोटी डबी, खाटेला अडकवता येईल एवढी. दादांच्या उजव्या हाताची पहिली दोन बोटं तेवढी हलत होती, त्यांच्याखाली एक बटण बसवलं. पडद्यावर बाराखडीच्या ओळी एकामागून एक उजळायच्या. हवी ती ओळ आली की दाबायचं, मग त्या ओळीतली अक्षरं उजळायची, हवं ते आलं की पुन्हा दाबायचं. असं अक्षर अक्षर वेचून वाक्य रचायचं अन् शेवटी ‘बोल’ दाबायचं. पंखा, उशी, कूस, मान, बस असे नेहमीचे शब्द भरून ठेवलेले होते, ते तसेच्या तसे वाजायचे. अख्खं वाक्य बोलायचं असलं की मात्र मशीनला दादांच्या आवाजाचं ते मोठं बाड मेमरीत उचलून घ्यावं लागायचं.

पहिल्या दिवशी दादांनी “पंखा” म्हणलं अन् माय रडायला लागली. रडत रडत उठून पंखा लावायला गेली. पंखा चालूच होता.

चार दिवसांनी शेठ आले. ज्यांच्या दुकानावर दादांनी जन्म काढला ते हे शेठ. त्यांचे पणजोबा राजस्थानातून आलेले, पण हे बोलायला लागले की मंठ्याचेच वाटतात. खुर्ची ओढून खाटेजवळ बसले. दादांचे डोळे चमकले. बोटं कामाला लागली. ओळी उजळत होत्या, दादा दाबत होते, वाक्य लांबत होतं. शेठनी एक चहा घेतला, दुसरा घेतला, घाई केली नाही. पडद्याकडंही बघत नव्हते, म्हणाले, “मी न्हाई वाचणार, भाऊ बोलतील तवा ऐकीन.” माणूस मोठा दिलदार. शेवटी दादांनी ‘बोल’ दाबलं.

पडदा थिजला, अक्षरांच्या रेघोट्या झाल्या. डबीतून घर्रर्र असा आवाज यायला लागला अन् थांबेचना. मी बटणं दाबली, काही उपयोग नाही. मायनं जाऊन भिंतीवरचं बटण बंद केलं. पडदा काळा झाला अन् वाक्य गेलं. सॉफ्टवेअर आयतं आणलेलं होतं, पूर्ण बोलून झाल्याशिवाय ते वाक्य जपून ठेवत नव्हतं. दादा काळ्या पडद्याकडं बघत राहिले. शेठ म्हणाले, “राहू द्या भाऊ, मला समजलं.” काय समजलं होतं त्यांना? काहीच नाही. चष्मा पुसत पुसत निघून गेले.

मग हे रोजचंच झालं. लहान शब्द बराबर चालायचे. मोठं वाक्य ‘बोल’ म्हणलं की डबी आडवी. दादा पुन्हा पहिल्या अक्षरापासून सुरू करायचे, अन् पुन्हा तेच. मायला वाचता येत नाही, अन् मी पळत येईपर्यंत पडद्यावर नुसत्या रेघोट्या उरायच्या. त्यांना घाम यायचा, तो पुसायला त्यांचा हात उठायचा नाही. मायला ते बघवेना. एक दिवस ती त्यांच्या कपाळावरून टॉवेल फिरवत म्हणाली, “अहो, लांब नका बोलू. लांब बोललं की ते बंद पडतं. एकेक शब्द बोला. मला समजतं सगळं.” दादांनी डोळे मिटून ‘हाव’ केलं, म्हणजे हो. हे तिनं एकदाच सांगितलं. पुन्हा सांगायची गरज पडली नाही.

इकडं मी पहिल्या दिवसापासूनच त्या डबीच्या मागं लागलो होतो. काम माझंच, धंदा माझाच, अन् माझ्याच घरात माझ्याच बापाचं तोंड बंद! मेमरी तपासली. पूर्ण तपासली, पुन्हा तपासली, एक दाणा खराब निघाला नाही. काढून दुसरी घातली, तेच. आवाजाचं सॉफ्टवेअर उलटंपालटं करून बघितलं. बायको फोनवर म्हणाली, “दुसरं मशीन घ्या ना, जीव का काढताय?” घेतलं. स्टँड, बटण, तारा सगळं तसंच बसावं म्हणून त्याच जातीचं घेतलं. तेही त्याच जागी त्याच तऱ्हेनं मेलं. मी ते अंगणात फेकणार होतो, मायनं हात धरला. गावातले येऊन सल्ले देऊन गेले. एक जण म्हणाला वायर ढिली असंल, एक जण म्हणाला व्हायरस. मी दोघांनाही चहा पाजला अन् ते गेल्यावर शिव्या घातल्या.

पण दुसरी डबी तशीच मेली, त्यातून एक गोष्ट कळली. दोन्हीत एकच खोट असेल तर ती मालात नाही, सांगणाऱ्यात आहे. कर्नेल उठताना फर्मवेअरनं दिलेला नकाशा पहिल्या ओळींतच छापून दाखवतो. मी तो काढून बघितला. मोकळं, राखीव, मोकळं, राखीव. दिसायला एकदम साफसूफ. नुसत्या नकाशाकडं बघून नकाशा खोटा आहे हे कसं कळणार? मग मी अशी सोय केली की डबी मरायच्या क्षणाला मेमरीचा जो तुकडा नासला असेल तो उचलून बाजूला ठेवायचा.

मायनं लांब बोलू नका म्हणलं त्याच दिवशी, त्याच्या जरा आधी, दादांच्या शेवटच्या लांब वाक्यावर डबी मेली अन् तो तुकडा माझ्या हाती आला; तो उलगडून वाचायला मात्र मला कितीतरी दिवस लागले. दादांच्या आवाजाचा भाग असायला हवा होता तिथं. नव्हता. एकच आकडा ओळीनं येत होता, पुन्हा पुन्हा तोच. अन् तो आकडा माझ्या ओळखीचा होता. दादांच्या डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून पडद्याला मी फिका निळा रंग दिला होता, त्या निळ्याचा तो आकडा. मीच माझ्या हातानं टाकलेला.

म्हणजे ते आकडे नव्हतेच, चित्र होतं. पडद्याचं चित्र.

सगळं लक्षात आलं. पडदा चालवणाऱ्या चिपला आपलं चित्र ठेवायला मेमरीतला एक तुकडा लागतो, तो नकाशात राखीव दाखवायला पाहिजे. डबी बनवणाऱ्यांनी नवीन मॉडेलमध्ये तो तुकडा मोठा केला अन् नकाशा मात्र जुन्या मॉडेलचा तसाच चिकटवला. आमच्या धंद्यात असंच चालतं. मागचं चाललं होतं ना, मग तेच उचलायचं अन् पुढं ढकलायचं. वाढीव भाग कुणाच्या नावावर नाही, म्हणून कर्नेलला सांगितलं की मोकळा. एरवी कर्नेल त्या कोपऱ्यात जात नव्हता. आवाजाचं बाड उचललं की जागा पुरायची नाही, तेव्हा जायचा, तिथं दादांचा आवाज ठेवायचा, अन् त्याच्यावर पडदा आपलं चित्र ओतायचा. वॉचमननं चुकीचा ओटा दाखवला होता. मेमरी चांगली, चिप चांगली, कर्नेल चांगला, अन् बाप मुका.

मी ते आकडे चित्रासारखे मांडून बघितले. पडद्याची एक पट्टी उमटली. निळ्यावर पांढरी अक्षरं. दादांनी त्या दिवशी वेचून वेचून रचलेलं वाक्य, कडेला कापलेलं. ‘तुझी माय लग्नाआधी मोंढ्यात आल्ती तवा मी’. एवढंच. पुढं पट्टी संपली होती.

मी ते किती वेळ बघत बसलो कोण जाणे. मग उठून स्वयंपाकघरात गेलो अन् मायला विचारलं, “माय, तू लग्नाआधी कधी मोंढ्यात गेल्ती का?”

ती भाकरी थापत होती. “एकदाच. आमचा बाप तूर घेऊन आल्ता, आष्टीहून. मी हट्ट करून गाडीत बसले. तुला कुणी सांगितलं?”

“दादांनी.”

तिचे हात थांबले. “यांना कसं माहीत? यांचा माझा तवा काही संबंधच नव्हता. लगीन तं दोन सालांनी ठरलं, तेबी मामानं जमवलं.” मग पिठाचे हात तसेच ठेवून ती माझ्याकडं बघायला लागली. “यांनी मला बघितल्तं?”

मी म्हणालो, वाक्य अर्धंच आहे, पुढचं नाही. भाकरी तव्यावर करपली तरी तिचं लक्ष नव्हतं. एवढा संसार झाला, एवढ्या गोष्टी सांगितल्या माणसानं, मेथीच्या, परतूरवाल्याच्या, सगळ्या जगाच्या, अन् ही एक पोटात ठेवली होती. सांगायला निघाले ते कधी, तर जीभ गेल्यावर.

दुरुस्ती एका ओळीची होती. कर्नेल उठताना त्याला बजावायचं की नकाशात काहीही असो, एवढा तुकडा राखीव धर, तिकडं जायचं नाही. ती ओळ घातली, डबी बंद करून चालू केली अन् एक भलंमोठं वाक्य टाकून ‘बोल’ दाबलं. दादांचा आवाज घरभर घुमला. पुन्हा दाबलं, पुन्हा घुमला. मी लहान पोरासारखा उड्या मारत खाटेपाशी गेलो. “दादा, झालं! सापडलं! वॉचमननं खोटा ओटा दाखवला होता! आता कितीबी लांब बोला, काही होत न्हाई!”

दादांनी माझ्याकडं बघितलं. डोळ्यांत हसू होतं, असं मला वाटलं. बोटं हलली. “पंखा.”

मी पंखा वाढवला अन् वाट बघत बसलो. “कूस.” कूस बदलून दिली. “बस.”

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. उशी, मान, पंखा, बस. मला वाटलं थकले असतील. मग वाटलं, विश्वास बसला नसेल, म्हणून त्यांच्यासमोर मी स्वतः लांब लांब वाक्यं बोलवून दाखवली. ते ऐकायचे. शेठ पुन्हा आले, दोन तास बसले, दादा त्यांना “बरं” म्हणाले अन् थांबले. शेवटी माझा तोल गेला. “अहो दादा, बोला की काहीतरी! रात्रंदिवस एक करून नीट केलंय ते! नुसतं पंखा पंखा काय?” त्यांनी डोळे मिटून घेतले. माय मला हाताला धरून बाहेर घेऊन गेली. मला अंगणातल्या भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं.

मशीनला एक सोय असते. नकाशा चुकला तर नीट करायचा, बंद करायचं, चालू करायचं, ते पुन्हा पहिल्यासारखं विचारतं अन् नवीन ऐकतं. माणसाचं तसं नाही. पोत्याच्या तळाला हात घातल्याशिवाय कुणाचं न मानणारा माझा बाप, त्यानं एवढी एकच गोष्ट न तपासता घेतली होती, कारण सांगणारी माय होती अन् मशीन पोरानं आणलेलं होतं. लांब बोललं की बंद पडतं. मग त्यांनी आतल्या आत काय काय टाकून दिलं असेल, कुठलं वाक्य कुठं मोडलं असेल, ते मी कुठल्या पडद्यावर काढून बघणार?

बोटं दिवसेंदिवस मंद होत होती. हवी ती ओळ निघून जायची, पुन्हा फिरून येईपर्यंत थांबावं लागायचं. हे मायनंही बघितलं होतं. एक दिवस दुपारी जेवणं झाल्यावर ती तोंड धुऊन, केस नीट करून खाटेजवळ येऊन बसली. मला म्हणाली, “तू बी थांब इथंच, मशीन बघायला.” मग दादांकडं वळली.

“अहो,” ती म्हणाली, “मीच म्हणल्ते लांब नका बोलू. ते इसरा आता. पोरानं नीट केलंय, बंद पडत न्हाई. मी मोंढ्यात आल्ते तवाचं सांगा. तूर घेऊन आल्तो आम्ही. तुम्ही कुठं होते? मला काय म्हणून बघितलं? कितीबी लांब सांगा, मला काही काम न्हाई. बोला.”

दादा तिच्याकडं बघत राहिले. त्यांना असं बघताना मी कधी पाहिलं नव्हतं, अन् तिथून उठून जावं असं वाटलं, पण मशीन बघायचं होतं. मग त्यांची नजर पडद्यावर गेली. ओळी उजळायला लागल्या. बोट दबलं. ओळ थांबली. पुन्हा दबलं. मी पडद्याकडं पाठ केली. शेठसारखंच ठरवलं, वाचायचं नाही, बोलतील तेव्हा ऐकायचं. माय पदराचं टोक बोटाला गुंडाळत अन् सोडत बसली होती. बटणाचा टक् आवाज यायचा, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा टक्. बाहेर कुणीतरी मला हाक मारून गेलं, मी ओ दिली नाही. इतका वेळ चाललंय म्हणजे लांब आहे, मी मनाशी म्हणत होतो. देवा, लांब असू दे.

मग ‘बोल’ दाबल्याचा आवाज आला.

दादांचा आवाज आला. अडखळणं नाही, बोबडेपणा नाही, मोंढ्यात उभं राहून बोलावं तसा भरदार, फाटकापर्यंत जाणारा.

“आता लांब सुचत न्हाई.”

माय तशीच बसून राहिली, पुढं वाकून, पुढचं ऐकायला. तिला वाटलं ही सुरुवात आहे. दादांनी बोट बटणावरून बाजूला घेतलं होतं. थोड्या वेळानं तिनं माझ्याकडं बघितलं, मग डबीकडं.

“बंद पडलं का रे?”

“न्हाई माय,” मी म्हणालो. “चालू हाय.”